आठचा प्रयोग

१

गुरुवारी रूफस डॅगेट एकच काम दोनदा करायचा. पाचला एखाद्या बाईला तुरुंगात पाठवायचा आणि आठला तिलाच पुन्हा पाठवायचा. रेडिओचं तेव्हा असंच होतं. न्यूयॉर्ककडे आठ वाजतात तेव्हा लॉस एंजेलिसात पाचच वाजलेले असतात. तिकडचे लोक जेवून खुर्चीत टेकले की त्यांच्यासाठी एक प्रयोग करायचा. मग इकडचे टेकले की त्यांच्यासाठी तोच, जसाच्या तसा, पहिल्यापासून. एकदाच तबकडीवर उतरवून घ्या आणि वाजवा, असं कुणी म्हटलं तर साबणवाले अंगावर यायचे. कार्यक्रम साबणवाल्यांचा होता. लोकांना म्हणे जिवंत माणूस लागतो. जिवंत माणसाला काय लागतं ते विचारायला कुणी आलं नाही.

रूफस आधी सिनेमात होता. मुक्या सिनेमात. एक भुवई चढवली की थेटरातल्या बाया पोरांचे डोळे झाकायच्या, असली त्याची ख्याती. चर्चच्या दारातून नवरी पळवायची, विधवेचं शेत गिळायचं, शेवटी कड्यावरून पडायचं, हे त्यानं इतक्या वेळा केलं की पडून पडून डावा गुडघा कायमचा गेला. मग बोलपट आले. याचीही चाचणी घेतली. आवाज घेणारा म्हणाला, "आवाज उत्तम आहे. पण तो या तोंडातून निघतोय असं वाटत नाही." म्हणजे काय? म्हणजे घरी बसा. रूफस घरी बसला. मग लिंबाच्या बागांत पेट्या उचलल्या. पुढे रेडिओवाल्यांनी त्याला उचललं, तोंड कुणाला दिसणार नव्हतं म्हणून. तोंड एकांनी वापरलं, आवाज दुसऱ्यांनी घेतला. मधला माणूस कुणालाच नको होता. पण ते त्याला कळायला वेळ लागला.

रेडिओवर तो जज कोल होता. दर आठवड्याला नवा गुन्हा, शेवटी जज कोलचा निकाल. पाचचा प्रयोग आटोपला की समोरच्या खाणावळीत घेवड्याचं सूप, लेमन-पाईचा एक तुकडा आणि एक पेला व्हिस्की. दुसरा पेला नाही. आठचा झाला की डोकं भणभणायचं, म्हणून तो टेकडीच्या रस्त्यानं पायी भटकायचा. घरी पोचायचा तेव्हा ओपल झोपलेली असायची. ओपल त्याची बायको. एके काळी थेटरात पडद्याखाली बसून पियानो वाजवायची. बोलपटांनी तिचीही गरज संपवली होती, पण ती तसं बोलून दाखवत नसे.

तर एका शुक्रवारी सकाळी पाव भाजता भाजता ओपल म्हणाली, "काल रडवलंस रे तू मला."

"मी? कशानं?"

"निकाल सांगण्याआधी थांबलास ना, त्यानं. किती वेळ थांबलास! मला वाटलं रेडिओचा संच बिघडला. उठून थोपटायला गेले, तर तू बोललास."

रूफस हसला. "काहीतरीच. थांबतोय कोण? रेडिओत थांबलं की घरोघर आवाजाऐवजी मुकी हवा जाते. मुकी हवा गेली की तो दिग्दर्शक प्रॅट काचेआडून बाहेर येऊन मान पिरगाळेल."

"थांबलास तू," ओपल म्हणाली. "माझे कान अजून शाबूत आहेत. छान थांबलास."

छान हा शब्द तिनं त्याच्याबद्दल शेवटचा कधी वापरला होता, ते त्याला आठवेना. म्हणून त्यानं वाद घातला नाही. पावाला लोणी लावलं आणि खाल्लं.

२

पुढच्या गुरुवारी त्यानं गसला विचारलं. गस आवाज करणारा. म्हणजे दाराचे, घोड्यांचे, पावसाचे. त्याच्याकडे चौकटीसकट एक दार होतं, खडीची पेटी होती, आणि जज कोलचा हातोडा मारण्याचा मानही त्याचाच.

"गस, गेल्या वेळी आठच्याला मी थांबलो का रे?"

"थांबलास? म्हाताऱ्या, मी हातोडा उचलून उभा होतो. हात भरून आला. म्हटलं, आटोपला की काय उभ्या उभ्या."

"मग वेळ कसा जमला? एवढा थांबलो असतो तर साबणाचं गाणं कापावं लागलं असतं."

गसनं खांदे उडवले. "जमला खरा. काटा बरोबर वर आला तेव्हाच संपलं. ते प्रॅटला विचार. मी दारं आपटणारा माणूस."

प्रॅट हा दिग्दर्शक. वयानं रूफसच्या मुलासारखा, पण काचेच्या खोलीत बसायचा, त्यामुळे सगळ्यांनी त्याला मिस्टर म्हणायचं. तो रूफसच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तो थांबा ठेवा हं, मिस्टर डॅगेट. खरं सांगू? पाचला तुम्ही नुसतं वाचता. आठला तुम्ही जज असता. मधल्या वेळात खाता तरी काय?"

"घेवड्याचं सूप."

"मग रोज खात जा!" प्रॅट हसला. काचेच्या खोलीतले दोघेतिघे हसले. रूफसही हसला, न हसून सांगतो कुणाला.

पण मनातून तो हलला. वय झालं, विसरत असू, अशी त्यानं समजूत घातली. गाडीवान झोपला तरी घोडा घरी जातो, तसं तोंड आपोआप बोलत असेल. पण मग ते घड्याळ? त्या खोलीत भिंतभर घड्याळ होतं, त्याला लाल काटा, आणि तो काटा कुणाचंच ऐकत नसे. त्याला फसवून कुणी थांबू शकत नव्हतं. घड्याळाच्या आणि ओपलच्या कानांच्या मधे काहीतरी सुटत होतं, ते त्याच्या हाती लागेना.

३

ती खोली कशी होती ते सांगितलं पाहिजे. भिंतींना भोकाभोकांचे पांढरे तक्ते, जमिनीवर जाड गालिचा. तिथे टाळी वाजवली तर टाळी मेल्यासारखी हातातच राहायची. मधोमध उभा मायक्रोफोन, मधमाशांच्या पोळ्याएवढा. त्याला पुढून ऐकू येई आणि मागून ऐकू येई. दोन्ही कडा मात्र ठार बहिऱ्या. दोन नट त्याला मधे घेऊन समोरासमोर उभे राहत आणि बोलत. वाचून झालेला कागद उलटायचा नाही, खसखस ऐकू जाते. तो बोटांतून अलगद सोडून द्यायचा, गालिचावर पडू द्यायचा. खेळ संपला की सगळ्यांच्या पायांशी कागदांचा सडा.

त्या आठवड्यात लोरेन आरोपी होती. लोरेन गुणी बाई, पण भारी सिगारेटी ओढायची. आठच्या प्रयोगात ती समोर उभी राहून रडत होती, खरोखरीचं पाणी काढून. रूफस लक्ष ठेवून होता. आज एकेक शब्द आपण डोळ्यांत तेल घालून म्हणायचा, असं ठरवून आला होता. निकालाची ओळ आली. त्यानं छातीत श्वास भरला.

आणि ओळ खोलीत होती. म्हणून झालेली होती.

त्याचा श्वास अजून छातीतच होता. तोंड उघडायला घेतलेलं, तेवढंच. लोरेननं पुढचं वाक्य घेतलं. तिकडे काचेआड प्रॅट मान डोलावत होता. रूफस गोंधळला, घाईनं कागदात बघू लागला. बोट अकराव्या पानावर होतं. बारावं पान हातात नव्हतं. ते गालिचावर पडलं होतं, तेरावंही त्याच्यावर पडलं होतं, आणि त्यानं तर त्यातलं एकही सोडलं नव्हतं.

त्यानं मान वर केली. मायक्रोफोनची कड त्याच्या नाकासमोर होती. बहिरी कड. प्रयोग सुरू झाला तेव्हा तो मायक्रोफोनच्या तोंडासमोर उभा होता, आणि जागचा हलला नव्हता एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. लोरेन बोलत होती ती त्याच्याकडे बघून नाही. तिचे डोळे त्याच्या खांद्याशेजारी, थोडे वर, जिथे कुणाचं तरी तोंड असावं तिथे लागले होते. तिथे बघायला रूफसची मान वळेना. भीतीनं नव्हे, असं तो स्वतःला सांगत राहिला. प्रयोग चालू असताना मान वळवायची नाही, असा रेडिओचा दंडकच आहे.

प्रयोग चालू असल्याचा लाल दिवा विझल्यावर वळला. भिंत होती.

"आज तर कमाल केलीस, रूफस," लोरेन डोळे पुसत म्हणाली. "तू असा माझ्याकडे बघतोस ना, की पाठ केलेलं सगळं विसरते मी."

४

माणसाला भूत परवडतं, अपमान परवडत नाही. रूफसनं रात्रभर विचार करून जे काढलं ते हे: पिंकनी.

पिंकनी हा नकल्या. कुत्री, तान्ही पोरं, आयर्लंडचे पोलीस, फोनवरच्या बायका, सगळं एकटा करायचा. कुणी नट आजारी पडला तर त्याचा आवाज काढून वेळ निभावून न्यायचा, त्यासाठीच त्याला ठेवला होता. म्हणजे प्रॅटनं आतून ठरवलंय. पिंकनी कुठेतरी आडोशाला उभा राहून जज कोल करतोय, दोघं मिळून म्हाताऱ्याला वेडा करतायत, आणि मोसम संपला की म्हातारा बाहेर. बोलपटांच्या वेळी असंच झालं होतं. सगळ्यांना ठाऊक असतं, शेवटी कळतं ते आपल्याला.

त्यानं पिंकनीला खाणावळीत गाठलं. पिंकनी पोर्क चॉप खात होता.

"किती दिवस चाललंय?" रूफसनं त्याच्यासमोर बसत विचारलं.

"काय? चॉप?"

"नाटक करू नकोस. माझा आवाज काढतोस तू. आठच्याला."

पिंकनीनं काटा खाली ठेवला. "बसलो होतो काढायला," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. प्रॅटच म्हणाला होता, डॅगेटचं वय झालंय, शिकून ठेव. घरी आरशासमोर बसलो महिनाभर. नाही आला."

"नाही आला? तू तर गाढवाचा काढतोस."

"गाढवात पकडायला काहीतरी असतं, रूफस. राग मानू नकोस. नक्कल करायची तर एक खुंटी लागते, टोपी अडकवायला. पाचचा तू म्हणजे, कसं सांगू, सपाट भिंत. खुंटीच नाही."

"आणि आठचा?"

पिंकनीनं चॉप पुढे सरकवला. त्याची भूक गेलेली दिसत होती. "आठचा मी करणार नाही," तो म्हणाला. "एकदा घरी करून बघितला. बायको स्वैपाकघरातून धावत बाहेर आली, केस सारखे करत. म्हणाली, कोण आलंय? मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, अरेरे. बस. त्यानंतर नाही केला."

रूफस चिडून आला होता, तो राग टाकायलासुद्धा जागा उरली नाही.

तिथून पायी जाताना त्यानं ठरवलं. रेडिओत एकच गुन्हा माफ नाही, तो म्हणजे हजर नसणं. दारू चालते, शिव्या चालतात, पण लाल दिवा लागला आणि माणूस जागेवर नसला तर त्या गावात त्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. रूफसला ते पुरतं ठाऊक होतं. तरीही पुढच्या गुरुवारी आठला जायचं नाही. लागू दे लाल दिवा, उचलू दे गसला हातोडा, आणि जाऊ दे सबंध किनाऱ्यावर मुकी हवा. सियाटलपासून सॅन दिएगोपर्यंत लोकांना ऐकू दे, रूफस डॅगेट नसला की काय ऐकू येतं ते. काम जाईल. जाऊ दे. पण ती शांतता त्याची असेल. निदान तेवढी तरी.

५

उन्हाळ्याचे दिवस होते. आठ वाजत आले तरी बाहेर उजेड होता. रूफस ट्रामनं घरी आला आणि दार उघडून आत शिरला, तर ओपल पुढच्या खोलीत उभी होती. अंगात निळा पोशाख, केस कुरळे केलेले, ओठांना लाली.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. गुरुवार आहे." ती त्याच्याकडे आनंदानं बघत नव्हती. "तू कसा आत्ता?"

"सुटी दिली."

"सुटी? गुरुवारी?" तिनं घड्याळाकडे बघितलं, मग दाराकडे. मग रेडिओ लावला आणि रेडिओजवळची खुर्ची घेतली. रूफससाठी कोपऱ्यातलं स्टूल उरलं.

संच तापायला वेळ घ्यायचा. आधी गुणगुण, मग पिवळा उजेड, मग साबणाचं गाणं. मग गसचा हातोडा. रूफसनं गुडघ्यांवरच्या मुठी आवळल्या. आता. आता मुकी हवा.

"शांतता," जज कोल म्हणाला. "कोर्ट सुरू झालंय."

पहिलं मनात आलं ते तबकडीचं. पाचच्याला गुपचूप उतरवून घेतलं आणि वाजवतायत, चोर कुठचे. पण आज पाचला त्याला निम्म्यावर ठसका लागला होता, प्रॅटनं काचेतून डोळे वटारले होते. ती जागा आली. आवाज तिच्यावरून लोण्यावरून सुरी जावी तसा गेला. तबकडी नव्हती.

"ओपल," रूफस म्हणाला, "मी इथे आहे."

"दिसतंय मला. शू."

"अगं, मी इथे बसलोय! मग ते कोण बोलतंय?"

"रूफस, ऐकू दे ना. आता निकाल येईल."

निकाल आला. त्याआधी तो थांबला. खोलीत नुसती संचाची गुणगुण. त्या गुणगुणीत, जाळीच्या अगदी जवळ, कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं. ओपल पुढे झुकली होती, तिचे ओठ किंचित उघडे. रूफस तिच्याशी तीस वर्षं बोलत आला होता. असं तोंड करून तिनं त्याचं एक वाक्य ऐकलं नव्हतं. त्याला वाटलं, संच उचलून भिंतीवर आपटावा. पण तो स्टुलावरून उठला नाही, कारण पुढे काय ते त्यालाही ऐकायचं होतं. एवढा छान थांबला होता तो.

निकाल झाला. ओपलनं रुमालानं डोळे टिपले, लाली बिघडू न देता.

"हा आवाज कुणाचा आहे?" रूफसनं विचारलं.

"तुझा."

"मी तर इथे आहे."

"हो ना," ओपल म्हणाली. "तेच तर."

मग ती उठली, त्याच्या कोटाची कॉलर नीट केली आणि मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "आता तू मागच्या दारानं जा. जरा फिरून ये. जातोस तसा. तो येईल इतक्यात."

"कोण येईल?"

"मी विचारलेलं नाही. विचारलं तर यायचा नाही, अशी भीती वाटते."

"माझ्या घरात? माझ्या घरात येतो?"

"ओरडू नकोस. आणि गुरुवारी तू असतोस कुठे एवढा वेळ? कधी विचारलं मी? तू येतोस तेव्हा झोपलेली असते का मी? सोंग घेते." तिचे डोळे पुन्हा भरले, पण या वेळी लाली गेली तरी तिला पर्वा नव्हती. "आठवड्यातून एकदा कुणी माझ्याशी बोलतं, रूफस. एवढं तरी असू दे मला."

६

साबणाचं गाणं अजून चालू होतं तेव्हा ओसरीच्या पायऱ्या वाजल्या. स्टुडिओतून इथे यायला ट्रामनंही अर्धा तास लागतो. रूफसनं मनात हा हिशेब करून बघितला आणि सोडून दिला.

"मी उघडतो दार," तो म्हणाला. "बघतोच कोण हरामखोर आहे तो."

ओपल आडवी आली नाही. तो दारापर्यंत गेला. दाराच्या धुरकट काचेत एक हॅट उभी होती. हॅटखाली काच जरा जास्तच पांढरी दिसत होती, जुन्या काळी कॅमेऱ्यासमोर जाताना तोंडाला जे पांढरं फासावं लागे तशी. रूफसनं दाराच्या मुठीला हात घातला. पलीकडून किल्ली फिरली.

त्या कुलुपाला खोड होती. किल्ली आधी थोडी उलटी फिरवावी लागे, मग दार गुडघ्यानं किंचित उचलावं लागे. डाव्या गुडघ्यानं जमायचं नाही म्हणून रूफस उजव्यानं उचलायचा. पलीकडच्यानं किल्ली थोडी उलटी फिरवली. मग दार उचललं गेलं. डाव्या बाजूनं. हलकेच, न दुखता.

रूफसचा हात मुठीवरून सुटला. तो मागे सरला, पाठमोरा, स्वैपाकघरापर्यंत, अंधारात. तिथून दाराच्या फटीतून पुढच्या खोलीची एक पट्टी दिसत होती. त्या पट्टीत एक हात आला, त्यानं हॅट खुंटीला लावली. मानेचा मागचा भाग दिसला, नुकता न्हाव्याकडून आल्यासारखा. अंगावर रूफसचाच कोट होता, तो आत्ता रूफसच्याही अंगावर होता. तोंड ओपलकडे होतं. रूफसला ते दिसलं नाही. त्याला दिसली ती त्या तोंडाकडे बघणारी ओपल. तिनं डोळे झाकले नाहीत. तिला बघून पुरेना.

एवढं बघितल्यावर रूफसला बाकीचं बघायचं उरलं नाही. त्यानं मागच्या दाराची कडी चाचपली.

पुढच्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, मग पेल्यात काहीतरी ओतल्याचा. त्याचाच आवाज, थकून आलेल्या माणसाचा, सहज म्हणाला, "आणि पाचचा? पाचचा कसा झाला आज?"

ओपल हसली. तरुणपणी हसायची तशी, पियानोवरचे हात न थांबवता.

"पाचचा?" ती म्हणाली. "पाचचा इथे कोण ऐकतं!"